मंगळवारचा खेळ

आत शिरल्याशिरल्या अण्णांनी डोकी मोजली. 31. बारमागची मुलगी, दारात मनगटावर शिक्का मारणारा पोरगा आणि आम्ही दोघं धरून.

"दवंडी दिली नव्हती का रे यांनी?"

मी म्हटलं, अण्णा, मंगळवार आहे, आणि सुरू व्हायला अजून पाऊण तास आहे. ते काही बोलले नाहीत. तोवर त्यांची नजर छताच्या लाकडी फळ्यांवर गेली होती, तिथून टांगलेल्या स्पीकरांवर, तिथून स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात पडलेल्या केबलींवर. केबली कोपराला गुंडाळून वेटोळं करून टाकल्या होत्या. अण्णांचा ओठ जरासा वाकडा झाला. नारायणगावात आमच्या दुकानातली पोरं अशी वायर गुंडाळायची तेव्हा त्यांना टपली बसायची.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय 76. लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा त्यांनी चाळीसेक वर्षं केला. लग्नं, सप्ते, निवडणुका, गणपती, सगळं केलं, पण जीव जत्रांच्या हंगामात. चैत्र लागला की अण्णा घरी फक्त कपडे बदलायला यायचे. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, राहुटीत बसून घासाघीस करतात, सुपारी देतात, तारीख वहीत चढते. त्या दिवसांत शाळेतून येताना मी मुद्दाम राहुट्यांच्या बाजूनं यायचो. त्यामुळे कलावंत म्हणजे राहुटीत बसून तारखेवरून आणि पैशांवरून हुज्जत घालणारा माणूस, हे मला तिसरीतच ठाऊक होतं. पुढे शिकलो, इकडे आलो आणि ते साफ विसरलो.

आम्ही बसलो होतो बर्विनमध्ये. शिकागोच्या पश्चिमेचं हे गाव, मध्ये फक्त सिसेरो. शिकागो कुठं संपलं, सिसेरो कुठं गेलं आणि बर्विन कुठं सुरू झालं हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. पुढे बार, मागे हॉल, 18 डॉलर तिकीट. अण्णांना येऊन महिना झाला होता. देऊळ झालं होतं, मॉल झाला होता, नायगारा झाला होता. बायकोची रात्रपाळी होती आणि मी त्या रात्रीचं तिकीट आधीच काढून ठेवलं होतं. "कसला कार्यक्रम?" म्हणाले. मी म्हटलं, गाणारी माणसं आहेत, गाडी घेऊन गावोगाव फिरतात. "मग चल की."

त्या दोन बँडची नावं मी इथं देत नाही. ती माणसं अजून गाडीतच आहेत, आणि पुढे त्यांच्या हिशोबाच्या गोष्टी येणार आहेत.

या गाण्याची, म्हणजे अमेरिकन कंट्रीच्या या फाट्याची, आणि माझी ओळख जुनी. अमेरिकेतलं माझं पहिलं काम दक्षिण इलिनॉयमध्ये होतं, मिसिसिपीच्या अलीकडे. नदी ओलांडली की सेंट लुइस. जवळच बेलव्हिल नावाचं गाव. ऑफिसातल्या एका माणसानं मला रोज गाडीतून सोडायचं पत्करलं होतं आणि त्याच्या गाडीत एकच सीडी अडकून बसली होती, अक्षरशः अडकून. प्लेअर ती बाहेर टाकत नव्हता. ती होती अंकल टुपेलोची. 1987 मध्ये याच बेलव्हिलच्या पोरांनी काढलेला बँड. दोन गाणारे: जेफ ट्वीडी आणि जे फरार. (हे त्याचं खरं आडनाव. आणि 1994 मध्ये बँड सोडून गेलाही तोच.) फरारनं पुढे सन व्होल्ट काढला, ट्वीडी आणि उरलेल्यांचा झाला विल्को, तो शिकागोत मोठा झाला.

अंकल टुपेलोच्या 1990 मधल्या पहिल्या रेकॉर्डचं नाव 'नो डिप्रेशन'. ते कार्टर फॅमिली या जुन्या कंट्री गाणाऱ्या कुटुंबाच्या 1936 मधल्या गाण्यावरून उचललेलं. मला आधी वाटलं, मनाच्या औदासीन्याबद्दल काही असेल. तसं नाही. डिप्रेशन म्हणजे तिसाच्या दशकातली मंदी. स्वर्गात मंदी नाही, असं ते गाणं. पुढे 1995 मध्ये सिअॅटलमध्ये याच नावाचं मासिक निघालं आणि त्यानं आपल्या कपाळावर जे छापलं त्याचा मराठीत अर्थ असा: 'आल्टर्नेटिव्ह कंट्री, म्हणजे जे काय असेल ते'. याहून प्रामाणिक व्याख्या मी तरी वाचलेली नाही. कंट्रीची राजधानी नॅशव्हिल, तिथल्या चकचकीत टोपीवाल्या गाण्यांना कंटाळलेली पोरं, पंकचा गोंगाट ऐकून वाढलेली, आजोबांच्या जुन्या रेकॉर्डी उकरून काढतात आणि बंद पडलेल्या कारखान्याबद्दल, दारूबद्दल, हायवेबद्दल गातात. त्यातली निम्मी तर शहरातच वाढलेली. याला कंट्री म्हणायचं की रॉक, यावर तासन्‌तास भांडणारे लोक असतात. मीही भांडलोय. आता दम नाही.

आणि शिकागो या गाण्याला परकं नाहीच. नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओवरच्या कार्यक्रमाचा एवढा बोलबाला, पण त्याच्या एक वर्ष आधी, 1924 मध्ये, शिकागोच्या डब्ल्यूएलएस रेडिओवर 'बार्न डान्स' सुरू झाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अॅपलाचियाच्या डोंगरातली, कोळशाच्या खाणी सोडलेली माणसं इथल्या अपटाउन भागात येऊन राहिली. आपल्याकडे गिरणगावात कोकणी माणूस जसा आपलं भजन, नमन बरोबर घेऊन आला तशी त्यांनी बरोबर आपली गाणी आणली.

हे सगळं मी अण्णांना गाडीत सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं, आणि विचारलं, "गाडी त्यांची स्वतःची, का भाड्याची?"

आठाला पहिली जोडी आली. एक बाई, एक बुवा. तिच्याकडे गिटार, त्याच्याकडे बॅंजो. स्टेजच्या मधोमध एकच माइक, पेरूएवढा, उभ्या दांड्यावर. बाकी काही नाही.

"एकच?" अण्णा खुर्चीत पुढे सरकले.

एकच. दोघं त्या माइकसमोर इतकी जवळ उभी की तिची गिटार आणि त्याचा बॅंजो एकमेकांना घासतील असं वाटावं. ती गाऊ लागली तेव्हा तो अर्धं पाऊल मागे होता, बॅंजो कमरेच्या बाजूला वळवलेला. कडवं संपत आलं तसा तो पुढे सरकला, मान तिरकी करून वरचा सूर धरला, आणि त्याच क्षणी ती एक वीतभर मागे गेली, त्यामुळे दोघांचा आवाज बरोबर सारखा झाला. मग बॅंजोची पाळी आली. ती डावीकडे कलली, तो वाकून बॅंजो माइकच्या तोंडाशी घेऊन गेला, आठ मात्रा वाजवल्या आणि परत जागेवर. कुणी कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. मागे साउंडवाला पोरगा बोर्डासमोर हाताची घडी घालून उभा. त्याला कामच नव्हतं.

"व्हॉल्यूमचं बटण पायात आहे यांच्या," अण्णा म्हणाले.

या जोडीला मी आधी दोनदा ऐकलं होतं. त्यांचे पाय मी कधी पाहिले नव्हते.

त्यांचं एक गाणं नदीत बुडवलेल्या मुलीचं होतं. प्रियकरच तिला फिरायला म्हणून नेतो आणि मारतो. अण्णांना मी कानात अर्थ सांगत होतो. असली गाणी इंग्लंड-स्कॉटलंडहून आलेल्यांनी आपल्याबरोबर डोंगरात आणली. सेसिल शार्प नावाचा इंग्रज 1916 ते 1918 मध्ये अॅपलाचियात हिंडला, तेव्हा त्याच्या स्वतःच्या देशात विसरली गेलेली गाणी त्याला तिथल्या बायांच्या तोंडी सापडली. बॅंजो मात्र तिकडचा नाही, तो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचा. अण्णांनी दोन कडव्यांनंतर मला हातानं थांबवलं. "कळलं. खुनाचा पोवाडा आहे. आणि तो झीलकरी आहे तिचा." शाहिराच्या मागे उभं राहून शेवटची ओळ उचलणारा, जी जी करणारा झीलकरी. मी गेली कितीतरी वर्षं याला हार्मनी म्हणत आलो होतो.

मधल्या सुट्टीत डोकी 48 झाली.

दुसरा बँड पाच जणांचा. ड्रम, बेस, दोन गिटार आणि एका कोपऱ्यात चार पायांच्या टेबलासारखी दिसणारी पेडल स्टील. ती वाजवणारा माणूस साठीच्या पुढचा, नाकावर वाचायचा चष्मा. या वाद्याला सगळं शरीर कामाला लागतं. दहा तारा. डाव्या हातात पोलादाची जाड कांडी, ती तारांवरून सरकते. उजव्या हाताच्या बोटांत नख्या. डावा पाय खालच्या पेडलींवर. एक दाबली की ठरावीक तारा तेवढ्या चढतात. दोन्ही गुडघ्यांच्या बाजूंना दांडे. गुडघा जरा बाहेर रेटला की दुसरी तार उतरते. उजवा पाय व्हॉल्यूमच्या पेडलवर. तार छेडताना पाय मागे घेतलेला असतो आणि छेडून झाल्यावर तो हळूच पुढे जातो, त्यामुळे नखीचा आघात ऐकूच येत नाही. कुठूनतरी सूर उगवतो आणि घसरत घसरत दुसऱ्या सुरात जातो. एवढे अवयव एकाच वेळी चाललेले, आणि चेहरा मात्र पोस्टातल्या खिडकीमागच्या माणसासारखा.

तिसऱ्या गाण्यात त्यानं एक लांब मींड घेतली. अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात मारला.

"अरे, ही तर लग्नातली गिटार!"

बरोबर होतं ते. अण्णांकडे व्हॅन शिपलेच्या रेकॉर्डी होत्या, हिंदी सिनेमातली गाणी गिटारवर वाजवलेली. नवरदेव पारावरून मांडवात येईपर्यंत त्या कर्ण्यांवर लागायच्या. मला तिथं बसल्याबसल्या पहिल्यांदाच धागा लागला. तारेवर लोखंड सरकवायची ही युक्ती हवाईची. जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी पोरानं ती 1880 च्या दशकात काढली असं सांगतात. तिथून ती अमेरिकेत आली, टेबलावर चढली, तिला पेडली लागल्या आणि ती कंट्रीची होऊन बसली. दुसरी वाट आपल्याकडे आली. ताऊ मो हा हवाईचा वादक 1940 च्या दशकात कुटुंबासकट कोलकात्यात राहत होता, तिथं त्यानं शिकवलं, वाजवलं. मग मुंबईचे स्टुडिओ, मग रेकॉर्डी, मग जुन्नर तालुक्यातले मांडव. बेलव्हिलच्या त्या अडकलेल्या सीडीत मला काय ओळखीचं वाटायचं, ते मी इतकी वर्षं उगाच मिसिसिपीच्या धुक्यात शोधत होतो.

चौथ्या गाण्यात घोळ झाला. गाणं एकदम हळू, ड्रमवाला नुसता ब्रश फिरवत होता, आणि स्पीकरमधून 'घूंऽऽ' सुरू झालं. सगळा हॉल चुळबुळला. अण्णांचा हात सवयीनं शर्टाच्या खिशाकडे गेला, तिथं टेस्टर नव्हता.

"अर्थिंग," ते म्हणाले. मग डोकं तिरकं करून ऐकत राहिले. "पण हा चढा आहे रे. आपला असा नसतो."

मला आधी कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे वीज 50 सायकलची, इथं 60. सहास पाच. आपल्या विजेच्या गुणगुणीला षड्‌ज धरला तर अमेरिकेतली गुणगुण कोमल गंधारावर लागते. चाळीस वर्षं ज्या कानांनी ती गुणगुण मारण्याचं काम केलं त्यांना ते पहिल्या दहा सेकंदांत खटकलं. मी इथं एवढी वर्षं आहे, घरात फ्रिज आहे, ट्रान्सफॉर्मरखालून रोज जातो.

साउंडवाला पोरगा वाकून स्टेजवर गेला, स्टीलचा अॅम्प एका सॉकेटमधून काढून बाकीच्यांच्या सॉकेटवर लावला, आणि गुणगुण गेली. अण्णांनी मान डोलावली. संबंध रात्रीत त्यांची ही एकच जाहीर दाद, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही.

सातव्या की आठव्या गाण्याला अण्णा उठले. मला वाटलं, लघवीला चालले. ते सरळ स्टेजच्या कडेला गेले, खिशातून 20 ची नोट काढली आणि ती दोन बोटांत धरून स्टीलवाल्याच्या समोर वर केली. तो बिचारा चष्म्याच्या वरून बघत राहिला. हात रिकामा नव्हता, पाय रिकामा नव्हता. गाणं संपल्यावर त्यानं ती घेतली, अॅम्पवर ठेवली, मान लववली. अण्णा परत आले, पण बसले नाहीत. स्टेजकडे तोंड करून उभे राहिले.

कशाची वाट बघताहेत ते मला कळायला थोडा वेळ लागला. दौलतजादा. आपल्याकडे नोट दिली की गाणं थांबतं आणि माइकवर नाव घेतलं जातं: अमक्या गावचे अमके पाटील यांच्याकडून 51 रुपये बक्षीस, त्यांचे आभारी आहोत. मग ढोलकीवर थाप, मग पुढचं कडवं. इथं गायिकेनं पाण्याचा घोट घेतला, म्हणाली हे गाणं ओहायोमधलं आहे, आणि सुरू झाली.

"नाव नाही घेतलं," अण्णा बसता बसता म्हणाले. मग त्या साठीच्या माणसाकडे बघत, समजुतीनं, "नवखा फड आहे."

कार्यक्रम संपल्यावर मागच्या टेबलावर टी-शर्ट आणि रेकॉर्डी मांडल्या होत्या. विकायला बेसवाली मुलगीच, अजून घामानं निथळत होती. अण्णा म्हणाले, "सुपारी किती मिळाली, विचार." मी म्हटलं, इथं असं विचारत नाहीत. "का? चोरीचा आहे का पैसा?" शेवटी मी ते गुळमुळीत करून विचारलं, की मंगळवारी हिशोब कसा असतो. ती हसली. ठरलेली रक्कम नाहीच म्हणाली. दारावर जमेल त्यातला हिस्सा. त्यातून साउंडवाल्याचे जातात, पहिल्या जोडीचे जातात. पेट्रोल टेबलावर निघतं. लोक ऐकतात सगळं फोनवर, आणि फोनवरच्या एका ऐकण्याचा एक सेंटसुद्धा येत नाही, सेंटचा तुकडा येतो. आज झोपायला कुठं? इथल्याच एका ओळखीच्या घरी, तळघरात. दोघं सोफ्यावर, तिघं खाली.

अण्णांचं गणित तोवर झालं होतं. "तीन सोडून पंचेचाळीस. गुणिले अठरा. आठशे दहा. त्यात हॉलवाला, साउंडवाला, ती जोडी. आणि ही पाच माणसं." ते जरा थांबले. "तिकिटाचा खेळ हा असाच. सुपारीचा बरा. गाव एकदा वर्गणी काढतं, पब्लिक फुकट बघतं, फडाला घोर नाही."

मला खरं तर थोडा रागच आला होता. हे गाणं मी ट्रेनमध्ये कानात घालून ऐकलेलं, एकट्यानं. घर लांब असण्याचं माझं जे काही होतं ते मी त्यात भरून ठेवलं होतं. आणि हा माणूस, ज्याला एक शब्द कळत नाही, येऊन गाडी कुणाची, झोपता कुठं, उरतं किती, असं विचारतो. पण त्या मुलीला राग आलेला दिसला नाही. उलट ती अण्णांकडे बघून सविस्तर सांगत होती, मी मध्ये नसल्यासारखी. मी तिच्याकडे आतापर्यंत तीन शहरांत टी-शर्ट घेतले असतील. दर वेळी 'फार सुंदर' एवढंच म्हणून निघालो होतो.

एवढ्यात अण्णा बाजूला दिसेनात. ते स्टेजपाशी होते. कोपऱ्यातलं ते वेटोळं त्यांनी उचललं होतं, सोडवलं होतं आणि परत गुंडाळत होते, कोपराला नाही, हातात. एक फेरा सरळ, एक फेरा उलटा, म्हणजे आतल्या तारेला पीळ पडत नाही आणि फेकली की केबल सरळ उलगडते. साउंडवाला पोरगा दोन पावलांवर उभा. मला वाटलं, आता हटकणार. त्यानं दुसरी केबल उचलली आणि तोही तसाच गुंडाळायला लागला. त्याला येत होतं. ते वेटोळं त्याचं नसावंच. अकरा केबली होत्या. दोघांनी मिळून केल्या, एका शब्दाची देवाणघेवाण न होता, आणि शेवटची झाल्यावर अण्णांनी ती खुंटीला लावून वरून थोपटली.

परतीला रस्ता मोकळा होता. अण्णा म्हणाले, उद्या कुठं आहे यांचा? मी म्हटलं, मिलवॉकी, नव्वद मैल. मग रातोरात का निघत नाहीत? फड तर खेळ संपला की तसाच ट्रकमध्ये चढतो. मी म्हटलं, वेगळा ड्रायव्हर नाही, ड्रमवालाच चालवतो.

मग मी त्यांना कार्टर फॅमिलीची गोष्ट सांगितली. 1927 चा उन्हाळा, व्हर्जिनिया आणि टेनेसीच्या सीमेवरचं ब्रिस्टल गाव. रेकॉर्ड कंपनीचा राल्फ पीर तिथं मशीन मांडून बसला होता, एका गाण्याला 50 डॉलर देत होता. डोंगरातून तीन माणसं मोटारीनं निघाली, रस्ता कसला, टायर पंक्चर होत होते. गिटार वाजवणारी मेबेल 18 वर्षांची, आठवा महिना. तशीच गेली आणि वाजवून आली. आज गिटार ज्या पद्धतीनं वाजवतात त्यातलं पुष्कळ तिच्या अंगठ्यातून आलंय.

"विठाबाईंचं तर..." अण्णांनी सुरू केलं. ते मी शंभरदा ऐकलेलं आहे. नारायणगावात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही: भर खेळात कळा आल्या, कनातीमागे बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत बोर्डावर उभ्या राहिल्या. मी पूर्ण ऐकून घेतलं. ते नेहमीपेक्षा हळू सांगत होते.

थोड्या वेळानं म्हणाले, "त्या मेबेलला काय झालं? मुलगा का मुलगी?"

"मुलगी. हेलन. पुढे तीही गाण्यातच गेली."

"विठाबाईंची मंगलापण," अण्णा म्हणाले, आणि त्यांना डोळा लागला.

रविवारी सकाळी अण्णांनी नारायणगावला फोन लावला, त्यांच्या जुन्या जोडीदाराला, ज्याच्याबरोबर त्यांनी कर्णे वाहिले. फोन स्पीकरवर. पाऊस कसा, टोमॅटोला भाव काय, सगळं झालं. मग इकडच्या तमाशाचं निघालं. एकच माइक, आडवी गिटार, विजेचा चढा सूर. पलीकडून प्रश्न आला, पब्लिक किती होतं?

मी चहा ओतत होतो, थांबलो.

"पब्लिक?" अण्णा म्हणाले. "होतं की. दोनशे-अडीचशे. मंगळवार असून."